अल्झायमरवरील बहुलक्ष्यी रेणू : आराखड्यापासून प्राणी-चाचणीपर्यंतचा क्रम आणि त्यात होणाऱ्या चुका

मराठवाड्यातील औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयांतून येणारे एम. फार्म.चे लघुप्रबंध आणि पीएच.डी.चे आराखडे तपासताना एक दृश्य वारंवार दिसते. विद्यार्थी आधी पाच-सहा प्रथिनांवर डॉकिंग (रेणू प्रथिनाच्या खाचेत कसा बसेल हे संगणकावर पाहणे) करतो, नंतर दहा-बारा रेणू बनवतो, आणि त्यांतील एखाद्याचा ॲसिटिलकोलिनएस्टरेजवरील (ॲसिटिलकोलिन मोडणाऱ्या एन्झाइमवरील) आयसी-५०, म्हणजे क्रिया निम्म्यावर आणणारी संहती, ५ नॅनोमोलर व अँटिऑक्सिडंट गुण मोजणाऱ्या डीपीपीएच चाचणीतील आयसी-५० ५० मायक्रोमोलर आला की निष्कर्षात ‘बहुलक्ष्यी (एकाहून अधिक लक्ष्यांवर काम करणारा) रेणू मिळाला’ असे लिहून मोकळा होतो. या दोन आकड्यांत दहा हजार पटींचे अंतर आहे. पहिले काम साधेल एवढ्या मात्रेत दुसरे काम घडणारच नाही. दुसरे घडेल एवढी मात्रा दिली, तर ॲसिटिलकोलिन साचून मळमळ, जुलाब आणि हृदयाची गती मंदावणे हे आधी पदरात पडेल. म्हणून दोन्ही परिणाम एकाच आवाक्यातील संहतीला मिळणे ही अट डॉकिंगच्या आधी कागदावर यायला हवी. पुढचे सगळे टप्पे त्या अटीभोवती रचलेले आहेत.

बोलणे हवेत राहू नये म्हणून एक साधा रेणू शेवटपर्यंत उदाहरणासाठी घेतो : एका टोकाला कूमारिन, मध्ये पाच कार्बनांची साखळी आणि दुसऱ्या टोकाला एन-बेंझिल-एन-मिथिल अमाइन. त्याचे सूत्र सी-२२ एच-२५ एनओ-३ असून रेणुभार ३५१.४ आहे. तो औषध ठरेल असा माझा दावा नाही. आपल्याकडील सामान्य प्रयोगशाळेत तो दोन पायऱ्यांत बनतो आणि या कामातील बहुतेक खाचखळगे त्याच्या निमित्ताने दाखवता येतात, एवढाच त्याचा उपयोग.

पूर्वतयारी : मागणीपत्र लिहिण्याआधी

एन्झाइम, अमायलॉइड पेप्टाइड (अल्झायमरमध्ये मेंदूत साचणारे) आणि डीटीएनबी (एन्झाइम-चाचणीत पिवळा रंग देणारे अभिकर्मक) कधी मागवायचे, हा प्रश्न आपल्या भागात गौण नाही. एप्रिल-मेमध्ये परभणी किंवा नांदेडला पोहोचणाऱ्या खोक्यातील बर्फ वाटेतच संपलेला असतो, आणि शुक्रवारी संध्याकाळी आलेले पार्सल सोमवारपर्यंत कार्यालयाच्या टेबलावर पडून राहते. मागणी शक्यतो नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात नोंदवावी आणि पार्सल आठवड्याच्या सुरुवातीला हाती येईल असे पुरवठादाराला लेखी कळवावे. एन्झाइम आले की त्याच दिवशी एकेका प्रयोगाला पुरतील असे लहान वाटे करून गोठवावे; एकच कुपी दहा वेळा वितळवली की दहाव्या दिवसाचा आकडा पहिल्या दिवसाशी जुळत नाही.

उन्हाळ्यातील आणखी एक घोटाळा सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. साधा इनक्युबेटर फक्त तापवतो, थंड करत नाही. खोलीतच ४० अंश असतील, तर ३७ वर लावलेला इनक्युबेटर ४० च्याही वर जातो. अमायलॉइडची चाचणी अशा यंत्रात ठेवली की तंतू बनण्याचा वेगच बदलतो. यंत्राच्या काट्यावर न विसंबता आत वेगळा तापमापक ठेवावा, आणि थंड करण्याची सोय नसेल तर ही चाचणी हिवाळ्यात उरकावी.

> तपासणी : शुद्ध पाण्याचे यंत्र चालू आहे का? बोअरच्या जड पाण्यातील कॅल्शियम फॉस्फेट बफरमध्ये गढूळपणा आणते, आणि तांबे-जस्त बांधण्याची चाचणी तर पूर्णच फसवते.

टप्पा १ : लक्ष्यांची जोडी आणि एक पानी अट

लक्ष्ये दोनच घ्यावीत. तीन-चार घेतल्याने प्रबंध जाड होतो, रेणू सुधारत नाही. जोडी निवडताना तीन प्रश्नांची उत्तरे लिहावीत : दोन्ही लक्ष्ये मेंदूच्या एकाच भागात आणि रोगाच्या एकाच अवस्थेत अर्थपूर्ण आहेत का, दोन्हींच्या खाचांत बसणाऱ्या ज्ञात रेणूंमध्ये काही सामाईक आकार आहे का, आणि दोन्ही चाचण्या आपल्या किंवा शेजारच्या प्रयोगशाळेत खरोखर होऊ शकतात का. कोलिनएस्टरेज आणि मोनोअमाइन ऑक्सिडेज-बी (मेंदूतील डोपामाइनसारखी संयुगे मोडणारे एन्झाइम) ही जोडी या तिन्ही कसोट्यांवर बऱ्यापैकी उतरते. ‘अँटिऑक्सिडंट’ हे मात्र लक्ष्य म्हणून धरू नये. ते रासायनिक गुणधर्माचे नाव आहे. त्याला ठरावीक खाच नाही आणि मायक्रोमोलरमधील शेकडो फिनॉलिक संयुगे ते दाखवतात.

याच पानावर स्वीकाराची अट लिहावी. मी विद्यार्थ्यांना अशी लिहायला सांगतो : दोन्ही आयसी-५० एक मायक्रोमोलरच्या आत, आणि दोहोंमधील फरक दहा पटींपेक्षा कमी. हा निसर्गनियम नाही, कामापुरता आखलेला संकेत आहे. पण आधी लिहून ठेवलेला संकेत निकाल पाहून हलवता येत नाही. गाईडची सही आणि तारीख त्या पानावर घ्यावी.

> सावधान : मोनोअमाइन ऑक्सिडेज-ए वरील परिणाम मोजण्याचे काम याच पानावर नोंदवावे. ए-प्रकार दडपला गेला तर आंबवलेल्या व मुरवलेल्या अन्नातील टायरामाइनमुळे रक्तदाब धोकादायकरीत्या वाढू शकतो. बी-प्रकारावरील आकडा एकटा अपुरा आहे.

टप्पा २ : रेणूचा आराखडा

दोन औषधांचे तुकडे एकत्र आणण्याच्या तीन रीती आहेत. साखळीने जोडणे सर्वांत सोपे, पण रेणू लांबतो. दोन तुकडे थेट एकमेकांना चिकटवणे हा मधला मार्ग. दोन्हींतील सामाईक भाग एकमेकांवर बसवून एकजीव रेणू घडवणे सर्वांत अवघड, आणि मेंदूत जाण्याच्या दृष्टीने सर्वांत फायद्याचे.

ॲसिटिलकोलिनएस्टरेजच्या बाबतीत साखळीच्या रीतीला ठोस कारण आहे. या एन्झाइमची क्रियाशील जागा सुमारे २० अँगस्ट्रॉम खोल घळीच्या तळाशी आहे. तळाजवळ ट्रिप्टोफॅन-८६ (अमिनो आम्ल आणि त्याचा साखळीतील क्रमांक) आणि घळीच्या तोंडाशी ट्रिप्टोफॅन-२८६ असल्यामुळे योग्य लांबीचा रेणू दोन्हीकडे एकाच वेळी टेकू शकतो. आपल्या उदाहरणातील बेंझिल अमाइनने तळ गाठावा आणि कूमारिनने तोंडाशी थांबावे, अशी ही कल्पना आहे. साखळीची लांबी एकच न ठेवता चार ते सात कार्बनांपर्यंत मालिका करावी, कारण एका कार्बनाच्या फरकाने आकडा कितीतरी पटींनी हलतो आणि तो हललेला आकडाच खरी माहिती देतो.

मेंदूत पोहोचायचे असेल तर रेणुभार ४५० च्या खाली, ध्रुवीय पृष्ठभाग ९० चौरस अँगस्ट्रॉमच्या खाली, लॉग-पी (रेणूचा तेलाकडील ओढा) साधारण २ ते ४ आणि हायड्रोजन देणारे गट तीनपेक्षा जास्त नाहीत, ही चौकट पाळावी. रेणुभार, ध्रुवीय पृष्ठभाग आणि हायड्रोजन देणारे गट यांबाबत आपला रेणू यात आरामात बसतो. टॅक्रिनला फेरुलिक आम्ल, त्याला पुन्हा मेलाटोनिन असे डबे जोडत गेलेले आराखडे मात्र या पायरीवरच थांबवावेत. टॅक्रिनचे आणखी एक आहे : अमेरिकेत १९९३ मध्ये अल्झायमरसाठी सर्वांत आधी मंजूर झालेले हे औषध यकृताला होणाऱ्या इजेमुळे मागे पडले. तो तुकडा वापरायचाच असेल तर यकृताच्या पेशींवरील चाचणी आराखड्यातच धरावी.

टप्पा ३ : डॉकिंग, आणि त्याला किती मान द्यावा

प्रथिनांच्या रचनांच्या संग्रहातून मानवी ॲसिटिलकोलिनएस्टरेजसाठी डोनेपेझिल या अल्झायमरच्या औषधासह असलेली ४ईवाय७ ही रचना, ब्युटिरिलकोलिनएस्टरेज या त्याच्या भावंड-एन्झाइमसाठी टॅक्रिनसह असलेली ४बीडीएस आणि मोनोअमाइन ऑक्सिडेज-बी साठी कूमारिन गटातील रेणूसह असलेली २व्ही६१ घ्यावी. रचनेत मुळात असलेला रेणू बाहेर काढून पुन्हा त्याच जागी बसवून पाहावा. मूळ स्थितीपासूनचे विचलन २ अँगस्ट्रॉमच्या आत आले तरच पुढे जावे.

येथे होणाऱ्या चुका ठरलेल्या आहेत. पहिली, ‘सगळे हेटरोॲटम (प्रथिनाबाहेरचे अणू) काढा’ ही आज्ञा देताना मोनोअमाइन ऑक्सिडेजमधील एफएडी हा सहघटकही पुसला जातो आणि रेणू रिकाम्या खड्ड्यात छान बसलेला दिसतो. दुसरी, अमाइन तटस्थ ठेवून डॉकिंग होते; शरीराच्या सामूवर तो बहुतांशी धनभारित असतो आणि ट्रिप्टोफॅनशी होणारे त्याचे आकर्षण त्या भारावरच अवलंबून असते. तिसरी चूक क्रमांकांची. जुन्या कामात वापरलेली टॉर्पेडो माशाच्या एन्झाइमची रचना आणि मानवी रचना यांत क्रमांक वेगळे आहेत. ट्रिप्टोफॅन-८४ आणि २७९ हे टॉर्पेडोचे, ८६ आणि २८६ मानवाचे. एकाच परिच्छेदात दोन्ही क्रमांक आले की परीक्षकाला पुढचे वाचायची गरज उरत नाही.

> सावधान : एका प्रथिनावरील उणे ११ आणि दुसऱ्यावरील उणे ९ या गुणांची तुलना करून ‘रेणू पहिल्या लक्ष्याला अधिक घट्ट बसतो’ असे लिहू नये. वेगवेगळ्या खाचांचे गुण एका मापाने मोजलेले नसतात.

टप्पा ४ : संश्लेषण आणि शुद्धता

७-हायड्रॉक्सीकूमारिन, निर्जल पोटॅशियम कार्बोनेट आणि १,५-डायब्रोमोपेंटेन ॲसिटोनमध्ये उकळत ठेवायचे, ही पहिली पायरी. डायब्रोमाइड तीन ते चार पट घ्यावे. समप्रमाणात घेतल्यास साखळीच्या दोन्ही टोकांना कूमारिन चिकटून जोडरेणू बनतो आणि उतारा कोसळतो. जादा डायब्रोमाइडचा उत्कलनबिंदू सुमारे २२२ अंश असल्याने ते रोटरी बाष्पीकरणात निघून जाईल या भरवशावर राहू नये. हेक्झेनने धुऊन किंवा स्तंभातून काढावे. ते पुढच्या पायरीत राहिले तर अमाइनला खात बसते. दुसऱ्या पायरीत एन-मिथिलबेंझिल अमाइन ॲसिटोनायट्राइलमध्ये घालून ब्रोमिनची जागा भरायची. एनएमआरमध्ये ३.४ पीपीएमजवळचा ब्रोमोमिथिलिनचा त्रिक पूर्ण नाहीसा झाला आणि २.२ जवळ एन-मिथिलचा एकेरी संकेत उभा राहिला, तर पायरी झाली. नमुना एनएमआरसाठी बाहेरगावी पाठवावा लागतो आणि निकाल यायला वेळ लागतो, म्हणून पातळ थर वर्णलेखनाचा एकच ठिपका पाहून जैविक चाचणी सुरू करण्याचा मोह होतो. तो आवरावा.

त्याचे कारण हिशेबाने सांगतो. समजा आपला रेणू पूर्ण निष्क्रिय आहे, पण त्यात ५ नॅनोमोलर आयसी-५० असलेले एखादे सुरुवातीचे संयुग १ टक्का उरले आहे. रेणुभार जवळपास सारखे धरले, तर चाचणीत हा नमुना सुमारे ५०० नॅनोमोलरचा प्रतिबंधक म्हणून दिसेल आणि त्यावर शोधनिबंधही लिहिला जाईल. एचपीएलसीवर किमान ९५ टक्के शुद्धता हा किमान दंडक आहे. टॅक्रिनसारखा प्रबळ तुकडा वापरला असेल तर तो विशिष्ट अवशेष वेगळा मोजून आकडा द्यावा.

> तपासणी : रेणू हायड्रोक्लोराइड क्षाराच्या रूपात घेतला आहे का? मग वजन करताना ३५१.४ नव्हे, ३८७.९ हा रेणुभार धरावा. १० मिलिमोलरसाठी प्रति मिलिलिटर ३.८८ मिलिग्रॅम लागतात. हा फरक विसरला की सगळी मालिका दहा टक्क्यांनी सरकते.

टप्पा ५ : कोलिनएस्टरेजची चाचणी

कोलिनएस्टरेजची गती पिवळ्या रंगावरून मोजणारी एलमनची १९६१ ची पद्धत सर्वांना पाठ असते आणि त्यामुळेच ती निष्काळजीपणे केली जाते. क्रम असा ठेवावा.

१. सामू ८.० चे ०.१ मोलर फॉस्फेट बफर त्याच आठवड्यात बनवावे. डीटीएनबीचा साठा मात्र सामू ७.० ला आणि अंधारात ठेवावा. अल्कधर्मी द्रावणात तो आपोआप पिवळा पडतो. ॲसिटिलथायोकोलिन आयोडाइड रोज ताजे विरघळवावे.

२. एन्झाइमची मात्रा आधी ठरवावी. ४१२ नॅनोमीटरवरील वाढ किमान पाच मिनिटे सरळ रेषेत राहिली पाहिजे आणि तेवढ्या वेळात दहा टक्क्यांहून अधिक सब्सट्रेट खर्च होता कामा नये. सब्सट्रेट ०.५ मिलिमोलर असेल तर दहा टक्के म्हणजे ५० मायक्रोमोलर. मोलर शोषणांक १४,१५० आणि ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये २०० मायक्रोलिटरची उंची साधारण ०.६ सेंटीमीटर धरली, तर शोषणातील वाढ ०.४ च्या आसपास येते. पाच मिनिटांत त्याहून जास्त वाढ दिसली तर एन्झाइम कमी करावे.

३. रेणूच्या विरळ मालिका बफरमध्ये न करता डीएमएसओ या द्रावकामध्येच कराव्यात आणि मग प्रत्येकीचे सारखेच आकारमान चाचणीत घालावे. १० मिलिमोलरचा साठा ५०० पट विरळ झाला की सर्वोच्च संहती २० मायक्रोमोलर आणि डीएमएसओ ०.२ टक्के राहतो. १ टक्का डीएमएसओ ॲसिटिलकोलिनएस्टरेजची गती स्वतःच दिसेल इतकी कमी करतो, त्यामुळे ‘कंट्रोल’मध्ये तो न घालणाऱ्याला प्रत्येक रेणू प्रभावी वाटतो.

४. प्रत्येक प्लेटवर तीन पूरक खळगे असावेत : एन्झाइम नसलेला, सब्सट्रेट नसलेला, आणि डोनेपेझिल असलेला. डोनेपेझिलचा आकडा नेहमीच्या नॅनोमोलर टप्प्यात आला नाही तर त्या दिवसाची सगळी प्लेट बाद करावी.

५. निवडक रेणूंची चाचणी ०.०१ टक्के ट्रायटन एक्स-१०० (साबणासारखे द्रव्य) घालून पुन्हा करावी. प्रतिबंध एकदम कोसळला, तर रेणू खाचेत बसत नसून स्वतःच्या गोळ्या करून एन्झाइमला गुंडाळत होता असे समजावे.

रेणूत मोकळा थायॉल गट असेल तर तो डीटीएनबीशी थेट प्रक्रिया करतो आणि ही पद्धतच गैरलागू ठरते. कार्बामेट असेल तर आधीचा मुरवण्याचा काळ आकड्यासोबत लिहिलाच पाहिजे, कारण रिव्हास्टिग्माइनसारखे रेणू एन्झाइमला हळूहळू बांधतात आणि पाच मिनिटांचा व तीस मिनिटांचा आयसी-५० वेगळा येतो. गतिशास्त्राच्या आलेखासाठी सब्सट्रेट फार चढवू नये. जास्त सब्सट्रेट ॲसिटिलकोलिनएस्टरेजला स्वतःच अडवतो आणि रेषा वाकते.

ईल माशाचे एन्झाइम आणि घोड्याच्या रक्तातील ब्युटिरिलकोलिनएस्टरेज स्वस्त पडतात, म्हणून पहिली चाळणी त्यांवर करायला हरकत नाही. डॉकिंग मानवी रचनेवर आणि चाचणी ईलवर, हे मात्र शीर्षकापासून स्पष्ट लिहावे, आणि शेवटचे दोन-तीन रेणू मानवी एन्झाइमवर तपासावेत.

टप्पा ६ : दुसऱ्या लक्ष्याची चाचणी

मोनोअमाइन ऑक्सिडेज मोजण्याच्या दोन प्रचलित पद्धती आहेत आणि निवड आपल्या रेणूकडे पाहून करावी लागते. ॲम्प्लेक्स रेड पद्धत तयार झालेले हायड्रोजन पेरॉक्साइड पेरॉक्सिडेजच्या मदतीने मोजते. रेणू अँटिऑक्सिडंट असेल तर तो मधल्या मध्ये ही साखळी तोडतो आणि मोनोअमाइन ऑक्सिडेज अडवल्याचा भास होतो. एन्झाइमऐवजी थेट पेरॉक्साइड घालून केलेला खळगा हा भास उघड करतो. कायन्युरामाइन पद्धतीत ३१० ला उद्दीपन देऊन ४०० नॅनोमीटरजवळची प्रकाशदीप्ती वाचतात, आणि नेमक्या त्याच पट्ट्यात ७-अल्कॉक्सीकूमारिन स्वतः चमकते. म्हणून फिनॉलिक रेणूंसाठी कायन्युरामाइन आणि आपल्या कूमारिनसाठी ॲम्प्लेक्स रेड, अशी निवड मी सुचवेन. किट जे हाती आहे ते वापरले, हे उत्तर तोंडी परीक्षेत टिकत नाही.

अमायलॉइडची थायोफ्लेविन-टी (तंतूंना चिकटून चमकणारा रंजक) चाचणी पूरक म्हणून करायची असेल तर पेप्टाइडचे आधीच बनलेले गुच्छ हेक्झाफ्लुओरोआयसोप्रोपॅनॉलने मोडून घ्यावेत. तंतू पूर्ण तयार झाल्यावर रेणू घातलेला एक खळगा अवश्य ठेवावा. तेथेही दीप्ती लगेच घटली तर रेणू फक्त प्रकाश शोषतो आहे किंवा रंजकाला हुसकावतो आहे. हळदीतील कर्क्युमिन या फसवणुकीचे आपल्या घरातील उदाहरण.

टप्पा ७ : थांबून निर्णय

येथे नवीन प्रयोग नाही. टप्पा १ मधील पान काढावे, सर्व आयसी-५० एकाच एककात, नॅनोमोलरमध्ये, एका तक्त्यात मांडावेत आणि अट न पाळणारे रेणू बाजूला ठेवावेत. बाजूला ठेवलेल्यांतही पाचशे आणि चार हजारांचा रेणू, तीन आणि साठ हजारांच्या रेणूपेक्षा सुधारायला घेण्यास अधिक योग्य असतो. पहिल्याला रसायनशास्त्र सुधारू शकते. सगळेच गळाले तर साखळी आखूड करून टप्पा २ वर परतावे. त्यात सहा महिने जातात हे मला ठाऊक आहे.

टप्पा ८ : पेशी आणि मेंदूची वेस

पॅम्पा चाचणीत डुकराच्या मेंदूतील लिपिडाच्या पडद्यातून रेणू किती वेगाने जातो ते पाहतात. १० चा उणे सहावा घात सेंटीमीटर प्रति सेकंद या एककात ४ च्या वर गेलेले रेणू पार होणारे आणि २ च्या खालचे न होणारे, अशी रूढ विभागणी आहे. ती डोळे झाकून उचलू नये; आठ-दहा परिचित औषधांवर स्वतःच्या प्लेटची रेषा आधी जुळवून घ्यावी.

एसएच-एसवाय५वाय (चेतापेशींसारख्या) आणि हेपजी२ (यकृताच्या) या पेशींवर एमटीटी, म्हणजे जिवंत पेशी रंगावरून मोजण्याची चाचणी, करताना पेशीविरहित खळगा ठेवावा, कारण अँटिऑक्सिडंट रेणू एमटीटीचे थेट क्षपण करून मेलेल्या पेशीही जिवंत दाखवतात. लांब साखळी आणि भारित अमाइन असलेले रेणू हृदयातील एचईआरजी पोटॅशियम वाहिनी अडवण्याची शक्यता असते. निवडलेल्या एका रेणूपुरती तरी ही चाचणी बाहेरून करून घ्यावी.

> सावधान : गावाकडे या कामाची कुणकुण लागली की “आजोबांना विसर पडतो, थोडे देऊन पाहू का?” अशी विचारणा होते. मला ती दोनदा झाली आहे. कुपी प्रयोगशाळेबाहेर जाता कामा नये. कपाटाला कुलूप आणि नोंदवहीत मिलिग्रॅमपर्यंतचा हिशेब असावा.

टप्पा ९ : प्राणी-चाचणी

संस्थेच्या प्राणी आचारसमितीची मंजुरी प्राणी मागवण्याआधी घ्यावी. पूर्वी सीपीसीएसईए नावाने ओळखली जाणारी केंद्रीय समिती आता सीसीएसईए आहे, हे अर्जात जुन्या नमुन्यावरून उतरवताना चुकते.

मॉडेलची निवड हीच येथील खरी कसोटी. बहुतेक जण उंदरांना स्कोपोलामाइन देऊन विस्मरण घडवतात. स्कोपोलामाइन मस्कारिनिक ग्राहक अडवते, त्यामुळे कोणताही बरा कोलिनएस्टरेज-प्रतिबंधक तेथे गुण दाखवतो. रेणूचे दुसरे लक्ष्य काम करते की नाही याबद्दल हे मॉडेल काहीच सांगत नाही. पहिली चाळणी म्हणून ते चालेल. बहुलक्ष्यी असल्याच्या दाव्यासाठी मेंदूत अमायलॉइड पेप्टाइड किंवा स्ट्रेप्टोझोटोसिन सोडून केलेले मॉडेल घ्यावे. गटांमध्ये केवळ डोनेपेझिल, केवळ दुसऱ्या लक्ष्याचे ज्ञात औषध आणि दोन्ही औषधे एकत्र, असे तीन गट हवेतच. आपला एक रेणू त्या दोन गोळ्यांपेक्षा कोणत्या बाबतीत बरा, याचे उत्तर त्यांच्याशिवाय मिळत नाही.

मॉरिसच्या जलचक्रव्यूहात (उंदराने पोहत पाण्याखालचा मंच शोधण्याच्या स्मरण-चाचणीत) पाण्याचे तापमान प्रत्येक फेरीआधी नोंदवावे. दुपारी टाकीतील पाणी तापते, सकाळी गार असते, आणि पोहण्याचा वेग त्यानुसार बदलतो. शिकण्याचा वेळ आणि पोहण्याचा वेग वेगवेगळे मोजले नाहीत, तर सुस्त उंदीर विसराळू म्हणून नोंदला जातो.

शेवटच्या दिवशी रक्त आणि मेंदू एकाच वेळी गोळा करून दोन्हींतील रेणूची संहती मोजावी, आणि त्याच मेंदूच्या तुकड्यात दोन्ही एन्झाइमांची शिल्लक क्रियाशीलता पाहावी. मेंदूतील एकूण आकडा तसाच वापरू नये. रक्तातील डोनेपेझिलपैकीसुद्धा सुमारे ९६ टक्के प्रथिनांना चिकटलेले असते, आणि काम करतो तो मोकळा भाग. हा मोकळा भाग पहिल्या आयसी-५० च्या वर आणि दुसऱ्याच्या बराच खाली निघाला, तर मात्रा वाढवून प्रयोग पुन्हा लावू नये. सही केलेले पान घेऊन टप्पा २ कडे परतावे आणि दुसरे टोक बदलावे.